केळीच्या पानांतून चढणारी तापी

मे महिन्यात रावेर-यावलचा पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकला, की दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात. डोक्याला रुमाल गुंडाळलेला एखाददुसरा दुचाकीस्वार दिसला तर दिसतो. अशा वेळी सावदा-फैजपूरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत पाऊल टाकलं, की अंगाला लगेच गारवा जाणवतो. सावली हे त्याचं अर्धंच कारण. पत्र्याच्या शेडखालीही सावली असते, पण तिथे जीव कासावीस होतो. बागेतलं प्रत्येक हिरवं पान त्या क्षणी हवेत पाणी सोडत असतं. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पानातून आणि भोवतालच्या हवेतून घेतली जाते, म्हणून बाग गार राहते.

हे पाणी तापीच्या खोऱ्यातल्या जमिनीतून आलेलं असतं. विहिरीतून किंवा कूपनलिकेतून मोटारीने वर काढलेलं, ठिबकच्या नळीतून मुळाशी पडलेलं. तिथपर्यंतचा त्याचा प्रवास विजेच्या बिलात दिसतो. मुळापासून पानाच्या टोकापर्यंतचा पुढचा प्रवास मात्र कुठल्याही बिलात येत नाही. तिथे मोटार नाही, झडप नाही, हृदयासारखा आकुंचन पावणारा अवयव नाही. तरीही उन्हाळ्यात वाढलेली एक केळ दिवसाला वीसेक लिटर पाणी वर खेचते. हे कसं घडतं, हे समजायला आधी केळ ही कोणत्या जातकुळीची वनस्पती आहे, ते पाहायला हवं. वनस्पतीच्या शरीराची रचना तिच्या कुळाकडून आलेली असते आणि पाणी कसं वापरायचं, हे बरंचसं त्या रचनेवर ठरतं.

खोड नसलेलं झाड

बोलताना सगळेच केळीचं झाड म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते झाड नाही, एक प्रचंड वाढलेली औषधी वनस्पती आहे. जमिनीच्या वर जो गोल, गुळगुळीत खांब दिसतो, तो पानांच्या तळच्या आवरणांचा बनलेला असतो. एका पानाच्या आवरणात दुसऱ्याचं, त्यात तिसऱ्याचं, अशी घट्ट गुंडाळी असते. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. नवं पान याच कंदातून निघतं, मधल्या पोकळीतून सुरळीच्या रूपात वर सरकतं आणि माथ्यावर उलगडतं. केळ निसवायची वेळ आली, की कंदातूनच एक पांढरा दांडा त्या खांबाच्या मधोमध वर चढतो आणि टोकाला केळफूल घेऊन बाहेर पडतो.

कापणीनंतर शेतात पडलेल्या खांबाचा आडवा छेद निरखून पाहावा. चंद्रकोरीच्या आकाराची आवरणं एकमेकांना बिलगलेली दिसतात. प्रत्येक आवरणात हवेच्या चौकोनी कप्प्यांची रांग असते, त्यांच्या भिंतींमधून पाणी झिरपत असतं आणि चीक ओघळत असतो. आता पानाचा जाड देठ घेऊन तो अर्धवट मोडावा आणि दोन्ही तुकडे हळूहळू एकमेकांपासून दूर न्यावेत. मधे कोळ्याच्या जाळ्याहून बारीक, चमकदार तंतू ताणले गेलेले दिसतात. पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून स्प्रिंगसारखी वेढे घेतलेली जाडी असते. तीच उलगडून बाहेर येते. हे वेढे नसते, तर आतल्या ताणाने नळी चेपून बंद पडली असती. केळीतली पाणीपुरवठ्याची व्यवस्था नुसत्या डोळ्यांनी दिसण्याची ही सोपी जागा आहे.

आंबा, कडुनिंब, बाभूळ यांच्या सालीखाली पेशींचा एक जिवंत थर असतो. तो दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड तयार करत जातो. केळीत हा थर नाही, त्यामुळे लाकूडही नाही. मे-जूनच्या वादळात आंबा फांद्या गमावतो, पण उभा राहतो. घड लागलेली केळ मात्र आडवी होते. म्हणून शेतकरी बांबूचा टेकू देतात किंवा पट्टीने केळी एकमेकींना बांधून ठेवतात. एकदा घड दिला, की त्या खांबाचं आयुष्य संपतं आणि कंदाच्या बाजूने फुटलेलं पील पुढचं पीक देतं. पहिल्या लागवडीची ती नवती, पिलावर धरलेली ती पिलबाग. बाजारात भाव पुकारले जातात तेही याच नावांनी.

केळीचे सोयरे

सपुष्प वनस्पतींमधल्या एकदल आणि द्विदल या दोन मोठ्या गटांची ओळख शाळेत होते. केळ एकदल आहे. पानात मधली शीर सोडली, तर बाकीच्या शिरा एकमेकींना समांतर धावतात. वाऱ्याने पान फाटतं, तेही याच शिरांच्या रेषेत. सोटमूळ नसतं, कंदापासून जाड दोऱ्यांसारखी मुळं चहूकडे पसरतात आणि त्यांतली बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच राहतात. ज्वारी, बाजरी, ऊस, कांदा हे सगळे याच एकदल गटातले. पण केळीचे जवळचे सोयरे वेगळेच आहेत. हळद, आलं आणि अंगणातली कर्दळ. कर्दळीचं सुरळीतून उलगडणारं पान आठवलं, की हे नातं लगेच पटतं.

वनस्पतींना दोन शब्दांचं नाव देण्याची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७५३ सालच्या आपल्या ग्रंथातून रूढ केली. त्या ग्रंथात त्याने केळीला ‘म्युझा पॅराडिसियाका’ म्हटलं. पुढे १८२० मध्ये इटलीतल्या लुइजी कोला यांनी ‘म्युझा अक्युमिनाटा’ आणि ‘म्युझा बाल्बिसियाना’ या दोन रानटी जाती वर्णन केल्या. आज आपण खातो त्या बहुतेक सगळ्या केळी या दोघींच्या वंशातल्या किंवा त्यांच्या संकरातल्या. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या शास्त्रज्ञांनी खांबाचा रंग, देठाची पन्हळ, केळफुलाच्या पाकळीचा आकार अशा लक्षणांना गुण देऊन कोणत्या केळीत कोणत्या जातीचा किती वाटा आहे, हे ठरवायची रीत घालून दिली. ती आजही वापरतात.

जळगावात एकेकाळी बसराईचं राज्य होतं. महालक्ष्मी, श्रीमंती याही नावाजलेल्या होत्या. आता ऊतिसंवर्धनाने तयार केलेल्या रोपांमुळे ग्रँड नैन म्हणजे जी-नाइनने बहुतेक बागा व्यापल्या आहेत. बसराई आणि जी-नाइन या दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्या, अक्युमिनाटाच्या वंशातल्या. त्यांच्या पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, एकूण ३३. तीन संचांची समसमान वाटणी होत नाही, त्यामुळे बी धरत नाही. फळाच्या मध्यात दिसणारे काळे ठिपके म्हणजे न घडलेल्या बियांच्या खुणा. बी नाही म्हणून लागवड कंदाने किंवा प्रयोगशाळेतल्या रोपाने करावी लागते. त्यामुळे एका बागेतली हजारो झाडं जनुकांच्या दृष्टीने एकसारखी असतात. फळांचा दर्जा त्यामुळेच सारखा मिळतो. रोग आला, तर सगळ्या बागेला एकाच तऱ्हेने ग्रासतो, तोही याच कारणाने.

सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यात दिसणारी चवेणी, म्हणजे रानकेळ, ही याच कुळातली पण वेगळ्या प्रजातीची. तिचं नाव ‘एनसेटे सुपर्बम’. तिला पिलं फुटत नाहीत. एकदाच फुलते, फळांत टणक काळ्या बिया धरते आणि मरते. तिची प्रत्येक पिढी बियांतून येते आणि थोडीथोडी वेगळी निघते. बागेतल्या केळीने हे वेगळेपण गमावलं आहे.

वर्गीकरणाचा उपयोग किती रोकडा असतो, हे जळगावच्या भरिताच्या वांग्यावरून कळतं. आसोदा, बामणोद या गावांचं हिरवं, पांढरट झाक असलेलं, लांबट वांगं हिवाळ्यात पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलं जातं, त्यात हिरव्या मिरचीचा ठेचा पडतो, सोबत कळण्याची भाकरी असते. ताटातली वांगी आणि मिरची एकाच कुळातली आहेत. टोमॅटो, बटाटा, तंबाखू आणि रानातला धोतराही त्याच कुळातला. वांगं भारतीय उपखंडातलं, मिरची-टोमॅटो-बटाटा अमेरिकेतून आलेले. तरी फुलाची ठेवण सारखी आणि शत्रूही बरेचसे सारखे. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आणि पाण्याच्या नळ्या बुजवून रोप उभ्या उभ्या सुकवणारा जिवाणूजन्य मर रोग हे या सगळ्यांना छळतात. म्हणून टोमॅटो निघालेल्या वावरात लगेच वांगी किंवा मिरची लावू नये, असं कृषी विद्यापीठं सांगतात. त्याजागी ज्वारी, बाजरी, मका अशा दूरच्या कुळातलं पीक घेतलं, की जमिनीतल्या रोगजंतूंची उपासमार होते.

याला अपवादही आहेत. केळीवरच्या कुकुंबर मोझॅक विषाणूला, म्हणजे शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेल्या ‘सीएमव्ही’ला, कुळाचं बंधन नाही. काकडी, वांगी, मिरची आणि केळी अशा वेगवेगळ्या कुळांतल्या शेकडो वनस्पतींवर तो जगतो आणि माव्यामार्फत एकीवरून दुसरीवर जातो. म्हणूनच केळीच्या बागेत आणि बांधाला काकडीवर्गीय भाज्या किंवा मिरची-वांगी लावू नयेत, असा सल्ला दिला जातो.

खान्देशात कोणत्या वनस्पती कुठे वाढतात, याची शास्त्रीय मोजदादही झालेली आहे. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ सिद्ध केला. पुढे डॉ. डी. ए. पाटील यांनी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. गावोगावचे डोंगर-नाले पायाखाली घालून, नमुने वाळवून, फुलांचे अवयव मोजून अशी कामं उभी राहतात.

पाणी वर चढतं कसं?

विहिरीवर इंजिन बसवलेल्या जुन्या शेतकऱ्यांना एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. पाणी खोल गेलं, की काठावरचं इंजिन ते ओढू शकत नाही. मग विहिरीत टप्पा करून इंजिन खाली उतरवावं लागतं. हवेचा दाब पाण्याला साधारण १० मीटरपर्यंतच वर ढकलू शकतो, त्यापुढे ओढ लावून उपयोग नसतो. मग वीस-पंचवीस मीटर उंच झाडाच्या शेंड्याला पाणी मिळतं कसं? अमेरिकेत कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ नावाचा रेडवूड वृक्ष तर ११५ मीटरहून उंच आहे.

या कोड्याने शास्त्रज्ञांना दोनशे वर्षं गुंतवून ठेवलं. इंग्लंडमधले धर्मगुरू स्टीफन हेल्स यांनी सूर्यफुलाचं रोप कुंडीत लावलं, कुंडीचं तोंड झाकून बंद केलं आणि सकाळ-संध्याकाळ तिचं वजन केलं. वजनातली घट म्हणजे पानांतून उडालेलं पाणी. हे प्रयोग त्यांनी १७२७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांनी कापलेली झाडं विषारी द्रावणात उभी केली. खोडातल्या जिवंत पेशी मेल्या, तरी पाणी वर चढतच राहिलं. म्हणजे पाणी चढवण्याचं मुख्य काम जिवंत पेशी करत नव्हत्या. भारतात जगदीशचंद्र बोस यांना मात्र हे मान्य नव्हतं. खोडातल्या पेशी स्पंदन पावून रस वर ढकलतात, असं त्यांनी १९२३ च्या ग्रंथात मांडलं. पुढच्या संशोधनात ती कल्पना टिकली नाही, पण वनस्पतीच्या सूक्ष्म हालचाली मोजण्यासाठी त्यांनी घडवलेली यंत्रं आजही आदराने पाहिली जातात.

आज मान्य असलेलं उत्तर डब्लिनच्या हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ मध्ये दिलं. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. बारीक नळीत, हवेचा बुडबुडा नसेल तर, पाण्याचा अखंड स्तंभ मोठा ताण सहन करतो आणि तुटत नाही. पानाच्या आतल्या ओलसर भिंतींवरून एक रेणू वाफ होऊन निघून गेला, की मागचा त्याच्या जागी ओढला जातो, त्याच्या मागचा त्याच्या जागी. ही ओढ देठातून, खांबातून, कंदातून थेट मुळाच्या टोकापर्यंत पोचते. पाणी वर ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं. ओढणारी शक्ती उन्हाची. त्यासाठी वनस्पतीला स्वतःची ऊर्जा फारशी खर्चावी लागत नाही.

ज्या नळ्यांतून हा प्रवास होतो, त्या जलवाहिन्या काम सुरू करतात तेव्हा मेलेल्या असतात. पेशी लांबट वाढते, भिंती जाड करते, मग आतला जिवंत भाग विरघळून जातो आणि पोकळ नळी उरते. पानात तयार झालेली साखर खाली नेणाऱ्या रसवाहिन्या मात्र जिवंत असतात. घडातल्या फण्यांमध्ये भरणारी गोडी त्यांच्यातून येते.

मुळाशी एक राखणदारही असतो. मुळाच्या केसांतून आत शिरलेलं पाणी सुरुवातीला पेशींच्या भिंतींमधून मोकळं फिरतं, पण मधल्या नळ्यांपर्यंत पोचण्याआधी पेशींचा एक घेर लागतो. त्या पेशींच्या भिंतीत मेणचट पट्टी असते. ती पाण्याला भिंतीतून जाऊ देत नाही. पाण्याला आणि त्यात विरघळलेल्या क्षारांना पेशीच्या जिवंत पडद्यातून जावं लागतं, आणि काय आत घ्यायचं ते तिथे ठरतं.

शोषलेल्या पाण्यापैकी शंभरातले पंच्याण्णवहून जास्त भाग पानांतून उडून जातात. वाढीसाठी आणि अन्न तयार करण्यासाठी अगदी थोडा भाग लागतो. मग वनस्पती एवढं पाणी घालवते कशासाठी? पानाच्या खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रं असतात, ती पर्णरंध्रं. अन्न तयार करायला हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, तर ती उघडावी लागतात. आणि ती उघडली, की आतली ओल बाहेर जाते. दोन्हींचा रस्ता एकच. मेच्या झळांत केळ याच पेचात सापडते. रंध्रं मिटली तर पाणी वाचतं, पण अन्न थांबतं आणि पान तापतं. उघडी ठेवली तर पानाची ओढ मुळांच्या पुरवठ्याला झेपत नाही. दुपारी केळीच्या पानाचे दोन्ही अर्धे मधल्या शिरेपासून खाली झुकतात. त्यामुळे पानावर पडणारं ऊन कमी होतं. त्यातूनही ताण वाढला, की कडा करपतात.

शेतकऱ्यांचे उपायही पानाच्या या ओढीवरच बेतलेले आहेत. बागेच्या कडेने शेवरी, बांबू किंवा गजराज गवताची दाट रांग लावली, की उष्ण वारा अडतो. वारा पानालगतची ओलसर हवा उडवून नेतो, म्हणून तो अडवला की बाष्प उडण्याचा वेग उतरतो. पानांवर पांढऱ्या केओलिन मातीची फवारणी केली, की ऊन परावर्तित होतं. वाळलेली पानं बुंध्याशी अंथरली, की जमिनीतली ओल टिकते. हिवाळ्यात गणित उलटतं. थंडीने मुळांचं काम मंदावतं, नवं पान सुरळीतच अडकतं, आणि बागेला चरका लागला असं म्हटलं जातं.

पहाटेचे थेंब

रात्री पर्णरंध्रं मिटतात, वरची ओढ जवळजवळ थांबते, पण मुळं क्षार आत घेतच राहतात. क्षारांमागे पाणी शिरतं आणि मुळांत दाब तयार होतो. आता मात्र पाणी खालून वर ढकललं जातं. पहाटे केळीच्या पानांच्या कडांना टपोरे थेंब दिसतात. ते सगळेच दवाचे नसतात. काही पानानेच कडेच्या छिद्रांतून बाहेर टाकलेले असतात. घड कापल्यावर जमिनीलगत खांब छाटला, तर उरलेल्या बुडख्यावर पाणी साचत राहतं. आणि पील कापलं तर काही तासांतच त्याच्या मधली सुरळी आजूबाजूच्या आवरणांहून वर आलेली दिसते. आतल्या कोवळ्या पेशी पाणी भरून घेऊन लांबत असतात. केळ वाढते म्हणजे काय, हे एका दिवसात डोळ्यांना दिसावं, असं हे उदाहरण.

ही व्यवस्था मोडते ती नळ्या तुंबल्या की. पनामा मर रोगाची बुरशी मुळांतून आत शिरते आणि जलवाहिन्यांत वाढते. जमिनीत भरपूर ओल असूनही पानं पिवळी पडून खांबाभोवती लोंबतात. विसाव्या शतकाच्या मध्याला याच बुरशीने अमेरिका खंडातल्या ‘ग्रो मिशेल’ या केळीच्या बागा संपवल्या आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश आली. बुरशीचा नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही लागतो. भारतात बिहार आणि उत्तर प्रदेशात तो आढळला आहे. एकाच वाणावर उभ्या असलेल्या जळगावने म्हणूनच बाहेरून येणारे कंद आणि माती यांबाबत डोळ्यांत तेल घालून राहायला हवं.

पाण्यात उभं राहून सुकणारी कपाशी

जळगाव-धुळ्याच्या काळ्या जमिनीत कपाशी हे दुसरं मोठं पीक. कपाशी द्विदल, सोटमुळाची, भेंडी आणि अंबाडीच्या कुळातली. तिचं मूळ खोल जातं, म्हणून पावसाचा खंड ती केळीपेक्षा किती तरी चांगला सोसते. पण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लांबलेल्या खंडानंतर एकदम धो-धो पाऊस झाला, वावरात पाणी साचलं आणि वर ऊन तापलं, की हिरवीगार, बोंडं लागलेली झाडं एक-दोन दिवसांत माना टाकतात. शेतकरी याला आकस्मिक मर म्हणतात. कुठलीही बुरशी नसते, कुठला जंतू नसतो. मुळं जिवंत असतात आणि त्यांना श्वास घ्यायला हवा लागते. साचलेल्या पाण्याने मातीतली हवा हाकलली, की मुळांचं काम बंद पडतं. वर पान ओढत राहतं, खालून पुरवठा होत नाही आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेने सुकतं. अशा वेळी पहिला उपाय म्हणजे चर काढून पाणी वाहतं करणं.

मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताने असण्याच्या या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात. पेरणीपासून खत देण्यापर्यंतची अनेक कामं वाफसा पाहूनच होतात. ठिबकचा मोठा फायदाही हाच. पाट भरून पाणी दिलं, की काही काळ चिखल आणि मग कोरड, असा हेलकावा मुळांना सोसावा लागतो. थेंबाथेंबाने दिलं, की वाफसा टिकतो. केळीची मुळं उथळ असल्याने तिला ही पद्धत विशेष मानवली. जळगावात भवरलाल जैन यांच्या कंपनीने १९८० च्या दशकाच्या अखेरीस ठिबक गावोगाव पोचवलं आणि पुढे ऊतिसंवर्धित रोपांची जोड दिली. आजची जी-नाइनची शेती या दोन गोष्टींवर उभी आहे.

केळीच्या अगदी उलट टोकाला अंजन उभा आहे. खान्देशच्या उघड्या, मुरमाड टेकड्यांवर हा वृक्ष भर उन्हाळ्यात तग धरतो. त्याचं पान दोन पर्णिकांचं, जोडलेल्या किडनीच्या आकाराचं. तूर, हरभरा, चिंच, बाभूळ यांच्या शेंगवर्गीय कुळातला हा. रोप हाताएवढं होण्याआधीच त्याचं सोटमूळ खडकाच्या भेगा शोधत खोल उतरतं. पावसाच्या आधीच त्याला पालवी फुटते, कारण वरची माती कोरडी असली तरी त्याची मुळं खालच्या ओलीपर्यंत पोचलेली असतात. चारा संपलेल्या महिन्यांत गुरांना त्याचा पाला घातला जातो. लाकूड अतिशय जड आणि टणक. लाकूड नसलेली केळ आणि जड लाकडाचा अंजन यांच्या नळ्यांत चालणारं भौतिकशास्त्र एकच आहे; फरक मुळांच्या खोलीचा, पानांच्या आकाराचा आणि खर्च करायला परवडणाऱ्या पाण्याचा.

हिशेब जमिनीखालचा

दीड बाय दीड मीटरवर लागवड केली, तर एका हेक्टरात ४,४४४ केळी बसतात. उन्हाळ्यात प्रत्येकीला दिवसाला वीस लिटर धरले, तर एका हेक्टराला रोज सुमारे ८९ हजार लिटर पाणी लागतं. दहा हजार लिटरचे नऊ टँकर. ठिबकमुळे पाटातली गळती आणि मोकळ्या जमिनीवरून उडणारं पाणी वाचतं. पण पानातून उडणारं पाणी वाचत नाही, ते पानाला लागतंच. म्हणून ठिबकमुळे वाचलेल्या पाण्यावर आणखी केळी लावली, तर एकूण उपसा कमी होत नाही.

खान्देशात पाण्याचा असा हिशेब सामूहिकपणे ठेवण्याची परंपरा आहे. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर साक्रीच्या परिसरात शेकडो वर्षं फड पद्धत चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, म्हणजे पाण्याची पाळी एकदमच फिरते. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. पाणी किती आहे ते पाहून, कोणत्या फडात उसासारखं तहानेलं पीक आणि कोणत्या फडात कमी पाण्याचं, हे गाव ठरवत असे. पिकाची पाण्याची भूक आधी मोजायची आणि मग लागवड ठरवायची, हा त्या पद्धतीचा कणा होता. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ च्या सुमारास नाले रुंद आणि खोल करून पाणी जमिनीत मुरवण्याचं काम सुरू केलं. ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून ओळखलं गेलं.

रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्याला निसर्गाने मोठी साठवण दिली आहे. सातपुड्यातून उतरणाऱ्या सुकी, मोर, अनेर अशा नद्यांनी पायथ्याशी दगडगोटे आणि वाळूचा जाड पट्टा पसरला आहे. भूवैज्ञानिक त्याला बझाडा म्हणतात. डोंगरातून आलेलं पाणी या पट्ट्यात झपाट्याने मुरतं आणि दक्षिणेला तापीकडच्या विहिरींना मिळतं. गेल्या काही दशकांत उपसा भरण्याहून वाढला. विहिरी कोरड्या पडत गेल्या आणि कूपनलिका शेकडो फूट खाली गेल्या. यावर उपाय सुचवायचा, तर नदीचं पाणी तापीला मिळण्याआधी या वरच्या पट्ट्यात अडवायचं आणि मुरवायचं. वाहत्या नाल्याचं पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून कोरड्या विहिरीत सोडणं हा त्याचाच शेतकऱ्याच्या हातातला भाग. गाळणी आणि चर मृगाआधी साफ झाले, तर पहिल्या पुरापासून पाणी आत जातं. मृगबागेची लागवड त्याच दिवसांत होते. त्या रोपांची पानं मोठी होऊन मे महिन्यात जेव्हा पूर्ण ताकदीने ओढू लागतील, तेव्हा लागणारं पाणी पावसाळ्याच्या याच चार महिन्यांत जमिनीखाली जमा व्हावं लागतं.